बांधाचा पेंढा

कंटेनरचं दार उघडलं की रहमान आधी दोन पावलं मागे सरून उभा राहायचा. आत कोंडलेली वाफ तोंडावर घेतली तर दिवसभर डोकं धरतं. वाफ निघून गेली की पुढे व्हायचं, गठ्ठ्याच्या पट्ट्या विळ्याने तोडायच्या, बाही वर सारायची आणि सैल झालेल्या गठ्ठ्यात हात कोपरापर्यंत घालायचा. आतली मूठभर लसूणघास ओढून काढायची, बोटांत मोडायची, नाकाशी धरायची. चौदा वर्षं तो हेच करत आला होता. दोन्ही हातांवर ओरखड्यांची जाळी झाली होती. रोज खोबरेल लावताना त्याची बायको अनीसा विचारायची, "गोदामात गवत हाय का मांजरं?"

गोदाम कतरमध्ये, इंडस्ट्रियल एरियात होतं. मालक कतरी, तो वर्षातून एकदा येई, चहा पिई आणि जाई. सगळा कारभार संजीव साहेबांकडे. ते नाशिकचे, शिकलेले, वागायला सरळ. त्यांच्याजवळ ओल मोजायची एक सळई होती. ती गठ्ठ्यात खुपसली की आकडा उमटे आणि साहेब तो लिहून घेत. पण आकडा काही म्हणो, रहमानने मूठ हुंगून मान हलवल्याशिवाय साहेब माल उतरवून घेत नसत. या गोष्टीचा रहमानला अभिमान होता, आणि का नसावा? चौदा वर्षांत त्याच्या नाकाने एकदाही दगा दिला नव्हता.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. समुद्रावरून येणारी दमट हवा अंगाला चिकटून बसली होती, घाम पुसला तरी जागेवरच राहत होता. सकाळी तीन कंटेनर लागले. सळईने बारा आकडा दाखवला. बारा म्हणजे कोरडा खडखडीत माल. रहमानने हात घातला, मूठ काढली, नाकाशी धरली आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

गाळाचा वास होता. वाळलेल्या, नदीच्या गाळाचा. सावित्रीला पूर येऊन ओसरला की खाडीकाठच्या तांबडखार गावात शेतांवरून जो वास आठ-आठ दिवस हटत नाही, तोच. रहमानला बापाचे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले पाय दिसले, बांधावर वाळत घातलेली जाळी दिसली. गावी जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याने ती मूठ पुन्हा नाकाशी नेली आणि छाती भरून वास घेतला. फार बरं वाटलं त्याला.

"काय रहमानभाई, उभ्या उभ्या झोपलात?" संजीव साहेब हसले.

"नाय साहेब. माल चांगला हाय." रहमानने पावतीवर सही केली.

चूक झाली ती इथेच. आणि ती खाडीकाठच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. फोर्कलिफ्ट चालवणारा हरिदास बीडकडचा, कोरड्या रानातला. त्याच्या नाकाशी ती मूठ धरली असती तर 'माती लागलीय ह्याला' म्हणून त्याने फेकून दिली असती.

घर अबू हमूरला होतं. एका जुन्या व्हिलाच्या भिंती पाडून, नव्या घालून सहा कुटुंबं बसवली होती, त्यात मागच्या अंगाच्या दोन खोल्या यांच्या. मुलगी हनिया आठवीत. गठ्ठ्यांना लावलेली प्लॅस्टिकची चिठ्ठी रहमान तिला लहानपणापासून आणून देई आणि ती पुस्तकात खूण म्हणून ठेवी. त्या संध्याकाळी तिने अशीच एक चिठ्ठी बापापुढे धरली.

"अब्बा, टीचरने प्रोजेक्ट दिलंय. अमेरिकेतली एक काउंटी घ्यायची. जिऑग्रफी, हिस्टरी, पॉप्युलेशन. सगळ्यांनी मोठीमोठी शहरंवाली घेतली. आय टुक युवर्स."

"माझी कुठची?"

"ही." चिठ्ठीवर इंग्रजीत छापलं होतं, हॅल्डन काउंटी. सहा वर्षं रहमान हे नाव बघत होता. ते कंपनीचं नाव असावं असं तो धरून चालला होता.

"काउंटी म्हंजे?"

"म्हणजे तालुका," हनिया म्हणाली. शब्द आठवल्याचा तिला आनंद झाला.

रहमान चटईवर आडवा झाला. अनीसा त्याच्या हातांना तेल लावायला बसली. हनिया मोबाइलवर बघून वाचत होती, इंग्रजीत वाचायची आणि अडखळत मराठीत सांगायची. तालुक्याच्या मधून ऑस्टर नावाची नदी जाते. नदीच्या दोन्ही अंगांना सपाट काळी जमीन. तिथे आधी मूळचे लोक राहत होते, त्यांना हाकललं. मग एका माणसाने नदी ओलांडायला तर, म्हणजे होडी, चालू केली, तरीभोवती गाव वसलं. वाफेच्या बोटी यायच्या. नदी शेतात घुसू नये म्हणून लोकांनी बांध घातला. तो तीनदा फुटला, तीनदा बांधला. मग पूल झाला आणि बोटी बंद पडल्या.

"आपल्याकडं पन पूल झायला नि लाँच बंद पडली," रहमान म्हणाला. तो उठून बसला होता. "बांध कसा घातलान त्यांनी? मातीचा?"

"मातीचा. शंभर वर्षांपूर्वी तिकडे एकोणीस हजार लोक होते. आता सहा हजार. शाळा पण बंद झाली. यंग पीपल लीव्ह."

"जातात कुठं?"

"शहरात. कामाला."

रहमान अनीसाकडे बघून हसला. "बघ. अमेरिकेत पन तांबडखार हाय."

हनियाने विचारलं, "आपल्या गावाचं पॉप्युलेशन किती? कंपॅरिझनला टाकते."

"मानसं कोन मोजतंय? घरं सांगतो. घरं दोनशे दहा. त्यातली उघडी एकाहत्तर. बाकीच्यांना कुलपं." हा हिशेब त्याला पाठ होता, कारण दर आठवड्याला गावच्या फोनवर कोण आलं आणि कोण गेलं हेच बोलणं असे. त्या एकशे एकोणचाळीस कुलपांतलं एक त्यांचं होतं.

हनियाने आकडा लिहून घेतला. किती दिवसांनी पोरगी आपल्याला काही विचारत होती! एरवी तिचं बोलणं मोबाइलशी. रहमान त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी त्या कंटेनरांतले दीडशे गठ्ठे शहानियाच्या रस्त्यावरच्या एका इज्ब्यावर गेले. इज्बा म्हणजे वाळवंटातला मेंढवाडा: पत्र्याची छपरं, पाण्याची टाकी आणि तीनशे मेंढ्या. त्या मेंढ्यांचा धनी, ज्याला सगळे अर्बाब म्हणत, अल दुहैलला राहायचा आणि दर शुक्रवारी तिकडे जायचा. मेंढ्या सांभाळायला होता जाफर, सीमेपलीकडच्या थरपारकरचा, वाळलेल्या खोडासारखा माणूस. अकरा वर्षं तो मेंढ्यांमध्येच राहत होता. रहमान गाडीबरोबर गेला की जाफर त्याला मेंढीच्या दुधाचा चहा द्यायचा, आणि तो वाईट असला तरी रहमान पूर्ण प्यायचा.

पाचव्या दिवशी फोन आला. नऊ मेंढ्या मेल्या होत्या आणि वीस बसून होत्या. पोट फुगलेलं, दात करकर वाजवत होत्या. जनावरांच्या डॉक्टरने पोटात काहीतरी अडकलंय एवढं सांगितलं होतं आणि नमुने नेले होते.

संजीव साहेबांनी रहमानला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "रहमानभाई, अर्बाब भडकलाय. तो म्हणतोय चारा तरी खराब, नाहीतर माणूस तरी. माल कसा होता?"

"चांगला होता साहेब. तुमी सळई लावलात. मी हात घातला."

"बस. तेवढंच लिहून द्या. माल कोरडा आणि स्वच्छ होता. मग राहिला तो जाफर. एकदम जास्त चारा टाकला असेल, टाकी धुतली नसेल. ह्या लोकांचं काय सांगावं."

"जाफर नाय तसा, साहेब."

"अहो, मी कुठे तसा म्हणतोय? पण कुणीतरी चुकलंय ना?" साहेबांनी कागद पुढे सरकवला. ते वाईट नव्हते. त्यांनाही वरून फोन येत होते, आणि त्यांचंही घर मदिनत खलीफाला भाड्याचं होतं. रहमानने सही केली. माल चांगला होता, मग चांगला म्हणायला हरकत काय, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा हनिया प्रोजेक्टचं शेवटचं पान करत होती.

"अब्बा, लेटेस्ट न्यूज पण टाकायची आहे. ऐका. ह्या जूनमध्ये ऑस्टरला पूर आला. बांध फुटला. चौथ्यांदा. अकरा दिवस शेतं पाण्याखाली होती. हे बघा, फोटो."

फोटोत तपकिरी पाणी होतं आणि पाण्याबाहेर कुंपणाचे खांब. दुसऱ्या फोटोत पाणी ओसरलं होतं आणि गवत गाळाने माखून आडवं झालं होतं.

रहमान फोटोकडे बघत राहिला. त्याच्या हातातला चहा निवला. तांबडखारला पूर ओसरला की बाप पहिल्यांदा खळ्यावर जायचा आणि पेंढ्याची एक पेंडी बादलीतल्या पाण्यात बुडवायचा. पाणी गढूळ झालं की पेंढ्याची ती सगळी उडवी बाजूला. बाप म्हणायचा, पाण्यात गेलेला पेंढा बांधाला, गोठ्याला नाय. गाळाचा पेंढा बैलाच्या पोटात दगड होऊन बसतो. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. तो पेंढा मातीत तुडवून फुटलेल्या बांधाला घालायचे, जनावरापुढे कुणी टाकत नसे.

आणि रहमानने तो गाळ कंटेनरपाशी हुंगला होता. एकदा नव्हे, दोनदा. ओळखलाही होता. वास ओळखून, बरं वाटलं म्हणून, चांगला म्हणाला होता.

"अनीसा," तो म्हणाला, "त्या मेंढ्या मी मारल्या."

अनीसा मच्छी साफ करत होती. तिने हात धुतले, ऐकून घेतलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "सही केलात ना? मग गप ऱ्हावा."

"जाफरला हाकलतील."

"नि तुमाला काय हार घालतील? विजा गेला का आपन तिघं गेलो. पोरीची आठवी अर्धी. दोन वर्षांनी तिची दहावी. तिथं गावात शाळा कुठं ऱ्हायली?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तुमी मुद्दाम केलात काय? नाय ना? साहेब, डॉक्टर, एवढे मोठे लोक हायत, ते बघतील. झाकली मूठ हाय, झाकलेली ऱ्हावंद्या."

अनीसा खोटं बोलत नव्हती. तिने या दोन खोल्यांत तेरा वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवून काढली होती, ती या पोरीच्या दहावीसाठी. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे खरं. पण चोराला बायको-पोर असतं, हेही तितकंच खरं. त्या संध्याकाळी त्याने हाताला तेल लावून घेतलं नाही.

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, तो चपला घालू लागला. अनीसाने विचारलं नाही. भाकरी आणि तळलेला बांगडा फडक्यात बांधून तिने त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवून आत गेली.

इज्ब्यावर अर्बाबची पांढरी गाडी आधीच उभी होती. जाफर आपली पत्र्याची पेटी बांधून छपराखाली बसला होता. आत कपडे ते किती, तरी दोरी दोनदा गुंडाळली होती. मेंढ्या पत्र्याच्या सावलीत पडून होत्या. मेलेल्या नेल्या होत्या, पण वास राहिला होता.

"रहमान भाई, पानी साफ था," जाफर म्हणाला. "मैं रोज टंकी धोता हूँ. तुम बोलो ना इनको." बोलताना त्याने एका बसलेल्या मेंढीच्या पोटावर हात ठेवला होता आणि तो तसाच चोळत होता.

रहमानने बादली घेतली. टाकीच्या नळाखाली धरली. पाणी स्वच्छ होतं, बादलीचा तळ दिसत होता. ती त्याने अर्बाबच्या पायाजवळ ठेवली. मग गंजीतला एक गठ्ठा ओढला, पट्ट्या तोडल्या, आतून दोन मुठी काढल्या आणि बादलीत बुडवून खळखळून धुतल्या. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी. तळ दिसेनासा झाला. त्याने घास बाहेर काढून बादली थोडा वेळ तशीच ठेवली आणि वरचं पाणी हळूच ओतून दिलं. खाली बोटभर गाळ होता.

अर्बाब म्हातारा माणूस होता. तो खाली वाकला, बोट गाळात घातलं, अंगठ्याने चोळून बघितलं. त्याच्या बापानेही मेंढ्या राखल्या होत्या, आणि गाळ कसाही असला तरी मेंढीच्या पोटात काय करतो हे त्याला सांगावं लागलं नाही.

"इन्ता मालूम था?" त्याने विचारलं. तुला ठाऊक होतं?

रहमान नाही म्हणू शकला असता. संजीव साहेबांचं नाव घेऊ शकला असता, सळईचं घेऊ शकला असता. त्याने आपला उजवा हात पुढे केला.

"हाथ को मालूम था, अर्बाब. नाक को मालूम था. मेरे गाँव का बास आया. नदी का. मेरे को अच्छा लगा, तो पास कर दिया. जाफर का कुछ गलती नहीं."

एक मेंढी दात करकरवत होती तेवढाच आवाज. रहमानला आपण उघडे पडल्यासारखं वाटलं. पन्नाशीच्या माणसाने परक्या लोकांपुढे घरच्या आठवणीची कबुली द्यायची म्हणजे काय! त्याचे कान तापले होते. अर्बाबने जाफरकडे वळून हाताने पेटीकडे खूण केली. सोड ती. जाफरने दोरी सोडायला घेतली. गाठ निघेना, तेव्हा रहमानने विळा दिला.

अर्बाबने मोबाइल काढला आणि बाजूला जाऊन अरबीत बोलू लागला. गोदामाच्या मालकाशी, हे रहमानला कळलं. तो परत आला तेव्हा आवाजात राग नव्हता. गंजीकडे हात करून त्याने विचारलं, "हाजा क्या करेगा?" ह्याचं काय करायचं?

"बांध को," रहमान म्हणाला. अर्बाबला बांध म्हणजे काय ते कळेना. रहमानने इज्ब्याच्या उत्तर बाजूकडे बोट दाखवलं. तिकडून वाऱ्याने वाळू येऊन कुंपण अर्धं गाडलं गेलं होतं, आणि जाफर दर आठवड्याला ती फावड्याने उपसायचा. अर्बाबने मान हलवली.

मग रहमान आणि जाफर दोघांनी गठ्ठे वाहिले. उरलेले शंभरावर होते. एकेक गठ्ठा दोघांनी धरायचा, वाळूत पाय रुतवत न्यायचा, कुंपणाला लावून ठेवायचा. दोन थर झाले की रहमान गुडघ्यावर बसून फटीत वाळू आणि सुटी घास कोंबून हाताने दाबायचा, बाप दाबायचा तशी. दुपारी दोघांनी सावलीत बसून बांगडा-भाकरी खाल्ली. जाफरने चहा केला. चहा नेहमीसारखाच वाईट होता, आणि रहमान दोन पेले प्यायला.

शनिवारी संजीव साहेबांनी पुन्हा केबिनचं दार लावलं. या वेळी त्यांना बसवत नव्हतं. "रहमानभाई, आधी मला सांगायचंत. काहीतरी मार्ग काढला असता. आता मालकाकडून आलंय. महिनाअखेर." ते थांबले. "मी बोललो तुमच्यासाठी. खरंच बोललो."

"मना ठाव हाय साहेब," रहमान म्हणाला. "पन एक करा. पुढच्या मालाला सळईबरोबर बादली पन ठेवा." निघताना त्याने विळा साहेबांच्या टेबलावर ठेवला, आणि मग तो आपला स्वतःचा आहे हे आठवून परत उचलला.

घरी अजून उजेड होता. हनिया जमिनीवर पसरलेल्या कागदांत बसली होती. अनीसा शिलाई मशीनवर होती. रहमानने दारातच सांगून टाकलं. "महिनाअखेर."

मशीन थांबलं. अनीसाने सुई वर केली, कापड काढलं, धागा दातांनी तोडला. ती बराच वेळ त्या कापडाची घडी घालत राहिली. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवले नाहीत. शेवटी विचारलं, "जाफर?"

"ऱ्हायला."

हनिया दोघांकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं, मुलांना कळतंच. तिने आपलं पान पुढे धरलं. डाव्या बाजूला हॅल्डनचा तक्ता होता, उजव्या बाजूला तांबडखारचा. नदी, बांध, तर, पूल. खाली शेवटची ओळ.

"अब्बा, प्रोजेक्ट उद्या द्यायचंय. चेक करा. घरं दोनशे दहा. उघडी एकाहत्तर. बरोबर?"

रहमानने मान हलवायला सुरुवात केली.

"एकाहत्तर नाय," अनीसा म्हणाली. तिने पदराने नाक पुसलं, पुढे वाकली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. "बहात्तर लिव."